सुरीवरचा हात

"अदालदा... अगं कोणीतरी अदालदा..."

नदीच्या पलीकडून आलेली ती हाक पस्तीस वर्षं झाली तरी सालिकाच्या कानातून गेली नव्हती. पाणी फुगलेलं. बाप पलीकडच्या काठावर, आणि त्याचा घोडा पाण्यात पाय घालायला तयार नाही. अलीकडं नऊ वर्षांची सालिका, आणि तिच्या पायाशी ओलं गवत खाऊन पोट ढोलासारखं फुगलेली मेंढी, डोळे पांढरे करत चाललेली. थोरला भाऊ कुठं उंडारायला गेला होता कोण जाणे. बाप येऊन पोचला तोवर मेंढी निपचित झाली होती.

"सुरी कुठं होती?" बापानं विचारलं.

"इथंच."

"मग?"

"मी मुलगी ना."

बापानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "मेंढीला ते ठाऊक नव्हतं."

अदालदा म्हणजे अदाल कर. जनावराचा श्वास आपणहून सुटायच्या आत देवाचं नाव घे, गळ्यावरून सुरी फिरव. मग त्याचं मरण वाया जात नाही, मानानं माणसाच्या ताटात येतं. श्वास आधी सुटला की संपलं. ते हराम, ते कुत्र्यांचं, कावळ्यांचं. नारीनच्या त्या डोंगरांत हा शब्द मिठासारखा प्रत्येकाच्या तोंडी. घामाची भाकर ती अदाल भाकर. दुसऱ्याच्या कळपाकडं न बघणारा तो अदाल माणूस. नवरा गेल्यावर सालिकाच्या दारात घोडे बांधून आत आलेला प्रत्येक जण हेच म्हणाला होता, अदाल बाई आहे हो, शेवटपर्यंत उशापासून हलली नाही.

त्या नवऱ्याचं वर्षाचं जेवण आता तीन दिवसांवर आलं होतं.

त्यासाठी घोडी ठरलेली होती. आजारात खिडकीपाशी पडल्यापडल्या त्यानंच दाखवली होती. "ती पिवळी," तो म्हणाला होता, "तिला यंदा शिंगरू नाही, चरून लठ्ठ होईल. माझ्या जेवणाला तीच." सालिकानं तेव्हा त्याला गप्प केलं होतं. पण शब्द तो शब्द. वर्षभर त्या घोडीवर कोणी खोगीर टाकलं नाही.

तिला उन्हाळी कुरणावरून खाली आणायला सालिका आणि तिचा धाकटा दीर तोकोन असे दोघं गेले. सालिका त्याला नावानं हाक मारत नसे. नवऱ्याकडच्या माणसांची नावं बाईनं घ्यायची नाहीत, धाकट्यांचीसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा हा दहा वर्षांचा, नाक गळत असलेला, आणि तरी ऐटीत चालणारा. म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं होतं मिर्झा, म्हणजे उमराव. मिर्झा आता चौतिशीचा होता. बारा वर्षं राजधानीच्या बाजारात मालाची गाडी चालवून परत आलेला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला वाट घसरड्या दगडांतून जाते. तिथं घोडीचा मागचा पाय निसटला. एक दगड गेला, त्यामागं दहा गेले, आणि पिवळी घोडी सगळ्या दगडांबरोबर खाली ओढ्यात जाऊन पडली. दोघं घसरत, बसत, पोचले. कंबर मोडली होती. पुढचे दोन पाय अजून चालत असल्यासारखे हलत होते, मागचे दोन दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडले होते. नाकातून रक्ताचा फेस येत होता.

"सुरी काढ," सालिका म्हणाली.

तोकोननं सुरी काढली. गुडघ्यावर बसला. घोडीची मान धरली, सोडली. पुन्हा धरली. त्याच्या हातातली सुरी वाऱ्यातल्या पानासारखी हलायला लागली.

"मिर्झा, श्वास चाललाय तिचा. उशीर नको."

"वहिनी, मी कधी... तिकडं सगळं कापलेलंच मिळायचं."

"देवाचं नाव घे आणि फिरव."

तो उठून उभा राहिला. ओढ्याकडं तोंड केलं. "मरू दे," तो म्हणाला. "मेल्यावर कापू. कोण बघतंय इथं?"

सालिकानं त्याच्या हातातून सुरी घेतली. खेचावी लागली नाही, फळ पिकून देठातून सुटावं तशी ती आली. घोडीचं डोकं तिनं पश्चिमेकडं वळवलं, तिच्या डोळ्यावर आपल्या ओढणीचं टोक टाकलं, म्हणजे तिला पातं दिसू नये. "तुझा काही गुन्हा नाही, आमची भूक आहे," असं जुनी माणसं म्हणतात, तेही ती म्हणाली. मग देवाचं नाव, आणि सुरी.

रक्त जोरात आलं. म्हणजे श्वास होता. म्हणजे वेळेत झालं. सालिका तिथंच दगडावर बसली आणि तिला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं. नवऱ्याचा शब्द वाया गेला नव्हता.

घोडी सोलताना, तुकडे करताना तोकोननं मन लावून काम केलं. दोन्ही घोड्यांवर ओझी चढवली. उतरणीला लागल्यावर तो म्हणाला, "वहिनी, गावात सांगू नका."

"काय?"

"तेच. हाताचं."

सालिकानं त्याच्याकडं पाहिलं. गावाला चघळायला असं हाड मिळालं की ते नातवंडांपर्यंत पुरवतात. सुरीला भ्यालेला तोकोन. त्याच्या मुलाला मुली देताना लोक हसतील. नवरा असता तर त्यानं हेच झाकलं असतं.

"तू पुढं गेला होतास म्हणेन," ती म्हणाली. "मी एकटी होते."

बाईनं कापलं एवढंच तर सांगायचं होतं. त्यात काय मोठं, असं तिला वाटलं. तिची चूक तिथंच झाली.

मांस अंगणात उतरवलं तेव्हा गावचे म्हातारे आधीच येऊन बसले होते. लोकरी तंबू उभे राहत होते, चुलींसाठी खड्डे खणले जात होते. मुकाश अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढ्यांमधली सगळ्यांत लांब दाढी, उठून मांसावरून हात फिरवत आला.

"चरबी बोटभर आहे. माणूस पारखी होता. अदाल कुणी केली?"

"मी," सालिका म्हणाली.

"तसं नाही सूनबाई. सुरी कुणी फिरवली?"

"मीच."

"कोणी पुरुष?"

"नव्हता. मिर्झा घोडे घेऊन पुढं गेला होता."

म्हाताऱ्यांच्या टोप्या एकमेकांकडं वळल्या. कुऱ्हाड चालवणाऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. कोणीतरी मांसावर पोतं टाकलं, मेलेल्या माणसाचं तोंड झाकावं तसं.

तरुण मोल्दोला बोलावणं गेलं. नुर्दीन मोल्दो सव्वीस वर्षांचा, चार वर्षं शहरात शिकून आलेला, गावच्या मशिदीत गेल्या वर्षापासून नमाज पढवत होता. त्यानं सगळं ऐकलं, सालिकाला विचारलं, "देवाचं नाव घेतलं होतं?"

"घेतलं."

"रक्त आलं?"

"जोरात आलं."

"मग अदाल आहे," तो म्हणाला. "किताबात स्पष्ट आहे. बाईनं कापलेलं चालतं."

सालिकाच्या छातीवरचा दगड हलला. पण मुकाश अक्साकाल हसला.

"पोरा, ती किताब आली कुठून? वाळवंटातून. तिथं उंट कापतात. इथं घोडी कापलीये."

सगळे हसले. नुर्दीनही हसल्यासारखं करून टोपी नीट करू लागला.

"आमच्या बापानं बाईच्या हातचं कापलेलं खाल्लं नाही, त्याच्या बापानं खाल्लं नाही. पलीकडच्या खोऱ्यातून दोनशे माणूस येणार. त्यांच्यापुढं काय ठेवायचं? उद्या म्हणतील, या गावात पुरुष उरले नाहीत काय. बोल मोल्दो, दोनशे माणूस ताटावरून उठून गेलं तर तू सांगशील त्यांना किताब?"

नुर्दीनचा हात पुन्हा टोपीकडं गेला. "रीतही... रीतीचाही मान आहेच," तो म्हणाला. "अक्साकाल म्हणतात त्यात..." पुढचं तो गिळून बसला.

सालिकाला मुकाशपेक्षा त्याचा जास्त राग आला. ज्याला ठाऊक नाही त्याचं एक वेळ समजू शकतं. ज्याला ठाऊक आहे आणि जो गिळतो, त्याचं काय करायचं?

मागच्या अंगणात आतडी टबात पडली होती. बायका टबाभोवती उभ्या होत्या आणि कोणी हात घालत नव्हतं. धुवावी तर हराम म्हटलेलं धुतलं. न धुवावी तर वाया जातील. सत्तरीच्या बाकेन एजेनं, साऱ्या गावाच्या थोरल्या ताईनं, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवले.

"मी धुते. माझे हात काय आता नव्यानं बाटायचेत."

"एजे, तुम्ही तरी सांगा," सालिका म्हणाली. "माझ्या हाताला काय झालंय? याच हातानं मी त्यांच्यापुढं चहा ठेवते, तो पितात. याच हातानं मळलेली भाकर चालते. वर्षभर आजाऱ्याचं सगळं केलं या हातांनी, तेव्हा म्हणाले, अदाल हात."

बाकेन एजे आतडं उलटं करत म्हणाली, "लढाईच्या सालांत या गावात पुरुष किती होते सांगू? एक आंधळा सापार आणि बाकीचे पाळण्यातले. कोण कापत होतं? माझी आई कापायची. तुझी सासू कापायची, सोळा वर्षांची होती. आणि हा मुकाश एवढासा, चुलीपाशी बसून हाडं चोखायचा. आणखी दे, आणखी दे. तेव्हा नाही विचारलं त्यानं, सुरी कुणाच्या हातात होती."

बायका हसल्या, पण हळू.

"मग जाऊन सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर म्हणतील, ती अडचण होती." तिनं आतडं पिळलं. "बाईचं अदाल अडचणीपुरतं असतं गं. अडचण सरली की लगेच हराम."

संध्याकाळच्या चहाला मुकाश अक्साकालला युक्ती सुचली. सगळे पुरुष मोठ्या तंबूत बसले होते. सालिका किटली घेऊन वाकून वाढत होती. त्यानं तोकोनला जवळ बोलावलं.

"तू पुढं गेला होतास म्हणे. पुढं म्हणजे किती पुढं?"

तोकोन खाली बघत होता. "थोडा."

"हाकेच्या अंतरावर?"

"हो."

"आणि घोडी पडल्याचा आवाज झाला तर हाकेच्या अंतरावरचा माणूस काय करेल? धावत येईल. आलास ना?"

तोकोन हातातला पेला फिरवत राहिला.

"आलासच. भावाची घोडी. आणि आलास म्हणजे सुरीवर हात ठेवलासच. बायकांचं काय, रक्त बघून भांबावतात, कोण कुठं होतं विसरतात. सांग, तुझा हात सुरीवर होता ना?"

किटलीचं पाणी पेल्याबाहेर सांडलं. सालिका तोकोनकडं बघत राहिली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"होता," तो म्हणाला.

तंबूतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. "बघा," मुकाश म्हणाला, "पुरुषाचा हात वर, बाईचा खाली. झालं अदाल." नुर्दीन मोल्दोनं देवाचे आभार मानले आणि पहिल्यांदाच चहाला हात लावला. कोणीतरी तोकोनच्या पाठीवर थाप मारली. शाबास रे. भावाचा शब्द राखलास.

"मी काही विसरलेले नाही," सालिका म्हणाली.

मुकाश तिच्याकडं वळला. आवाज मऊ होता. "सूनबाई, तू एक शब्द कमी बोललीस तर तुझ्या माणसाचं जेवण पार पडतंय. एक जास्त बोललीस तर दोनशे माणूस उपाशी जाईल, आणि वर त्याचा आत्मा उपाशी. बघ तुझं तू."

ती किटली घेऊन बाहेर आली. किटली जड नव्हती, तरी तिचे हात भरून आले होते. दोन घटकांपूर्वी हीच घोडी हराम होती. घोडी तीच, रक्त तेच, देवाचं नाव तेच. एका माणसानं एक खोटा शब्द टाकला आणि ती अदाल झाली. मग अदाल करतं काय नेमकं? सुरी, देवाचं नाव, की म्हाताऱ्यांची सोय?

सरपणाच्या ढिगाआड तिनं तोकोनला गाठलं.

"एवढंसं तर आहे वहिनी," तो आधीच बोलायला लागला. "तुमचंही काम झालं, माझंही. दादाचं जेवण होतंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, झाकेन म्हणून."

"मी तुझा थरथरलेला हात झाकला. तू माझा हातच कापून नेलास."

"असं काय बोलता."

"काय म्हणाला होतास ओढ्यावर? मरू दे, मेल्यावर कापू. तसं केलं असतं तर खरंच हराम वाढलं असतं तू भावाच्या नावानं, आणि सगळ्यांनी ढेकर दिला असता."

"पण तसं झालं नाही ना."

"का झालं नाही, मिर्झा?"

तो लाकडाची साल सोलत राहिला. "आता फिरवता येत नाही शब्द. माझा पोरगा आहे. लोक काय म्हणतील त्याला. एक दिवसाचं आहे, वहिनी. जेवण झालं की विसरतील."

विसरणार कोणीच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तोकोननं अदाल केलेली घोडी, असंच म्हणतील. पाच वर्षांनीही म्हणतील.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून घोडेस्वार येत राहिले. लांबूनच रडण्याचा सूर लावत, खोगिरावर झुकत, दाराशी उतरत. सालिका काळ्या कपड्यांत तंबूच्या आत, जाळीच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. विधवेनं वर्षभर, सांत्वनाला कोणी आलं की, असंच बसून विलाप गायचा असतो, आणि वर्षाच्या जेवणाला तो शेवटचा गायचा. मग बायका तिचं काळं उतरवतात, डोक्यावर पांढरं बांधतात, आणि त्यानंतरच पुरुष ताटाला हात लावतात. विलाप चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही, राजा आला तरी नाही. त्या डोंगरांत बाईचा एवढाच आवाज असा होता की जो अडवायला कुणाला मुभा नव्हती.

लोकरीच्या भिंतीपलीकडं जेवणाचे दस्तरखान पसरले होते. मांसाची वाफ आत येत होती. मुकाश अक्साकालचा आवाजही.

"हा बघा तो हात," तो पलीकडच्या खोऱ्यातल्या पाहुण्यांना सांगत होता. तोकोनचं मनगट त्यानं वर धरलं असावं. "कंबर मोडलेली घोडी, जीव जातोय, आणि या पठ्ठ्यानं वेळेत अदाल केली. अरे, मानाचं हाड याच्यापुढं ठेवा."

पाहुणे वाहवा म्हणाले. एकानं विचारलं, "बरोबर कोणी होतं?"

"वहिनी होती. मान धरायला."

मान धरायला.

"सुरू कर गं," बाकेन एजे कुजबुजली. "ताटं निवतायत."

सालिकानं सूर लावला.

*पिवळ्या घोडीचा गं, माझा धनी असवार*
*खिंडीच्या पल्याड गेला, मागं सोडून घरदार*

बाहेर पुरुषांनी रीतीप्रमाणं हुंदका दिला. तिच्याभोवतीच्या बायकांनी गुडघ्यांवर हात आपटले.

*वर्षाच्या जेवणाला, घोडी दाखवली बोटानं*
*बोल तुझा राखीयला, रे सख्या, माझ्या हातानं*

बायकांचे हात क्षणभर अडखळले आणि पुन्हा पडले. बाहेर अजून हुंदके चालूच होते. कोणी नीट ऐकत नव्हतं. विलापात काय, शब्द तेच असतात, असं समजून बसले होते.

*दगूड निसटला, घोडी पडली वढ्यात*
*सुरी माझ्या हातात, नव्हता कुणाचा हात त्यात*

बाहेरचा हुंदका मधेच तुटला. भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज झाला. बाकेन एजेनं सालिकाचा गुडघा धरला, थांबवायला की आधार द्यायला, कळलं नाही. पुढची ओवी सालिकाच्या ओठांवर होती, जुळलेली, यमकासकट. ती गायली असती तर म्हातारे नंतर म्हणाले असते, विलापात बायका काहीही जोडतात, सुराला काय अर्थ.

तिनं सूर खाली ठेवला. उठली. विलापाला बसलेली विधवा मधेच उठून पुरुषांसमोर येत नाही. बायकांनी तिची ओढणी धरली, ती तिनं सोडवून घेतली. दारावरचा लोकरीचा पडदा वर केला आणि बाहेर आली.

दोनशे माणसं मांडी घालून बसली होती. मुकाश अक्साकालचे तळहात आशीर्वादासाठी वर उचललेले होते. नुर्दीन मोल्दो ताटाकडं बघत होता. तोकोनच्या पुढं मानाचं हाड वाफाळत होतं, आणि आता काय होणार ते त्याला कळलं होतं, कारण तो आधीच खाली वाकला होता.

"तोकोन," सालिका म्हणाली.

चोवीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. बायकांतून एक दबलेला आवाज आला.

"तुझा हात सुरीवर नव्हता. तू तिथं होतास, सुरी तुझ्याजवळ होती, आणि तू म्हणालास, मरू दे, मेल्यावर कापू, कोण बघतंय. मी गावाला सांगितलं की तू तिथं नव्हतास. ते खोटं माझं, त्याचा जाब मी देईन. घोडी मी अदाल केली, देवाचं नाव घेऊन, एकटीनं, तिचा श्वास असताना. ज्यांना चालेल त्यांनी माझ्या माणसाच्या नावानं पोटभर जेवा. ज्यांना चालत नाही त्यांनी उठा. पण घरी जाऊन असं सांगू नका की तिथलं मांस हराम होतं. खरं सांगा. सांगा की आम्हाला खोटं चालत होतं, बाई चालली नाही."